९० दिवसांचा नोटीस पिरियड नक्की कोणाच्या सोयीचा?

हिंजवडी-खराडीतल्या बऱ्याच आयटी कंपन्यांच्या ऑफर लेटरमध्ये नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करत राहायची मुदत, असतो ९० दिवसांचा. त्यांच्याच नोकरीच्या जाहिरातीत मात्र लिहिलेलं असतं, ‘इमिजिएट जॉइनर्स हवेत, फार तर १५ दिवस’. आपला माणूस तीन महिने सुटायला नको आणि दुसऱ्याचा पंधरवड्यात यायला हवा! सगळ्यांनी हेच धोरण ठेवल्यावर माणसं यायची कुठून?

या ९० दिवसांचं होतं काय, ते एचआरवाल्यांना पाठ आहे. राजीनामा दिलेल्या माणसाच्या हातात एक ऑफर असते आणि पुढे तीन महिने मोकळे. शेवटची तारीख ठरलेला उमेदवार म्हटल्यावर रिक्रूटर त्याच्या मागे लागतात. दुसरी ऑफर येते, तिच्या जोरावर तिसरी. ज्यांनी त्याची तीन महिने वाट पाहिली त्यांना जॉइनिंगच्या आदल्या दिवशी मेल जातो, ‘काही वैयक्तिक कारणांमुळे’. जुन्या कंपनीतही वेगळं काही घडत नाही. हँडओव्हर, म्हणजे काम सोपवणं, बहुतेक वेळा शेवटच्या दहा-बारा दिवसांतच उरकतो, कारण बदली माणूसच तेव्हा उगवतो.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. क्लायंटला माणूस मोजून दिलेला असतो, खुर्ची रिकामी राहिली की बिलिंग बंद. पण नवा माणूस शोधायला दोन महिने लागतात हा भरतीचा प्रश्न झाला. त्याचा भुर्दंड जाणाऱ्याने का भरायचा?

कालावधी कामावरून ठरवायला हवा, हुद्द्यावरून किंवा शेजारच्या कंपनीकडे बघून नाही. भोसरी एमआयडीसीतल्या वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यातला अकाउंटंट घ्या. त्याचा महिना तारखांवर चालतो: ७ ला टीडीएस (कापलेला कर), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १५ ला पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा), २० ला जीएसटीआर-३बी (जीएसटी भरण्याचं विवरण). नव्या माणसाला शेजारी बसवून हे चक्र एकदा पूर्ण फिरवलं की काम हातात आलं. म्हणून इथे ३० दिवस पुरतात, पण राजीनामा २५ तारखेला आला तर मोजणी अशी लावावी की पुढच्या महिन्याची २० तारीख आत यावी. १५ दिवस ठेवले तर चक्र अर्धवट राहतं, ६० ठेवले तर दुसऱ्या महिन्यात तो नुसता हजेरी लावतो. अडतं भलतीकडेच: जीएसटी, ट्रेसेस (टीडीएसचं पोर्टल) आणि पीएफच्या लॉगिनला मोबाइल नंबर त्याचाच असतो. तो गेल्यावर रिटर्न भरायच्या दिवशी ओटीपी जातो त्याच्या फोनवर, आणि मालक त्याला फोनवर फोन लावत बसतो. नंबर आणि ईमेल बदलायचं काम राजीनामा आल्याच्या पहिल्या आठवड्यातच उरका.

डेव्हलपरचा हिशेब वेगळा. पहिला आठवडा यादीत जातो: कोणतं मॉड्यूल, कोणते ऑटोमॅटिक जॉब रात्री चालतात, कुठला पासवर्ड कुठे ठेवलाय. मग दोन आठवड्यांचा एक स्प्रिंट (कामाचा ठरलेला टप्पा) नव्याने काम करायचं आणि जुन्याने फक्त बघायचं. उलटं केलं, म्हणजे जुना बोलतोय आणि नवा माना डोलावतोय, की केटी (कामाची माहिती सोपवणं) झाली म्हणून सही होते आणि चालू सिस्टिममध्ये पहिलाच बिघाड आला की सगळे हवालदिल. उरलेला आठवडा राहून गेलेल्या शंकांना. एकूण साधारण ३० दिवस. टीम लीड असेल तर ४५, फार तर ६०. ९० दिवस ज्याच्या जाण्याने बँक, ऑडिटर किंवा मोठा ग्राहक अस्वस्थ होईल अशा दोन-चार माणसांपुरतेच ठेवावेत. प्रोबेशनवर ७ ते १५ दिवस पुष्कळ.

मुदत दोन्ही बाजूंना सारखी हवी. कर्मचाऱ्याने ९० दिवस द्यायचे आणि कंपनीने ३० दिवसांचं बेसिक (मूळ पगार) हातावर ठेवून काढायचं, ही अट सही करतानाच खटकायला हवी. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या (कारखान्यांतल्या सेवाशर्तींचा कायदा) केंद्रीय नमुन्यात महिना पगारावरच्या कायम कामगारासाठी एक महिना होता, आणि तो मालक-कामगार दोघांनाही. आयटीतले ९० दिवस कुठल्या कायद्यातून आलेले नाहीत, ते करारातले आहेत.

करारात चार ओळी नीट लिहिल्या तर निम्मी भांडणं होणारच नाहीत. मोजणी राजीनाम्याचा मेल पाठवल्याच्या तारखेपासून, मॅनेजरने ‘स्वीकारला’ म्हटल्यापासून नव्हे. नाहीतर साहेब आधी आठ दिवस ‘बोलू या’ म्हणतात, मग गणपतीच्या सुट्टीवर जातात आणि शेवटची तारीख पुढे सरकत राहते. दिवस कॅलेंडरचे, कामाचे नाहीत. आजारपणाच्या रजेने मुदत वाढणार नाही. आणि मुदत कमी पडली तर कापणी कशावर, हे आकड्यासह.

यातली शेवटची ओळच सर्वांत महाग पडते. समजा महिन्याचा ग्रॉस (भत्त्यांसह एकूण पगार) ६०,०००, बेसिक ३०,०००, ९० पैकी ४५ दिवस भरले, शिल्लक रजा १२. ग्रॉसवर कापलं तर ४५ दिवसांचे ९०,०००. रजेचे पैसे मात्र बेसिकवर, म्हणजे १२,०००. निव्वळ वसुली ७८,०००. तीच रजा दिवसांना दिवस वजा केली तर ३३ दिवसांचे ६६,०००. दोन्ही बाजू बेसिकवर धरल्या तर ३३,०००. माणूस तोच, दिवस तेच. घेताना ग्रॉस आणि देताना बेसिक ही चलाखी आहे. आधार एकच धरा, तोही बेसिक. या वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे ऑगस्ट २०२२ च्या केंद्राच्या परिपत्रकात स्पष्ट आहे. हिशेबात १८ टक्क्यांची ओळ दिसली तर लेखी हरकत घ्या.

‘बायआउट (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटणं) नाही म्हणजे नाही’ असं दरडावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यानुसार वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावत नाही. कंपनी भरपाई मागू शकते, आणि करार कायद्याच्या कलम ७४ मुळे तीही वाजवी तेवढीच मिळते. याचा अर्थ उद्यापासून दांडी मारावी असा नाही. न सांगता गायब झालात तर रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) अडकतं आणि पुढच्या बॅकग्राउंड चेकमध्ये तेच नडतं. बायआउटची रक्कम नवी कंपनी भरणार असेल तर ती तुमच्या पगारात धरून तिच्यावर टॅक्स कापला जातो, हे आधीच विचारून घ्या.

नोकरी सोडल्यावरच्या शेवटच्या हिशेबाला ‘४५ दिवस लागतील’ हे उत्तरही आता चालायचं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्याचं थकीत वेतनही दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. त्यासाठी लॅपटॉप, आयकार्ड आणि नो-ड्यूजच्या (काही देणं बाकी नाही अशा) सह्या शेवटच्या आठवड्यातच फिरवाव्या लागतील. पीएफच्या पोर्टलवर एक्झिटची तारीख कंपनीने टाकली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतःला टाकता येते. तेवढ्यासाठी जुन्या एचआरच्या पाया पडायची गरज नाही.