लोकांचा कौल न्यायाधीश पळवतात?

‘निकाल लोकांनी दिला, तो फिरवणारे पाच-सात न्यायाधीश कोण?’ वादग्रस्त निवडणुकीनंतर हा सवाल हमखास फिरतो. त्यामागचा लोकशाहीचा कळवळा मला कळतो, पण युक्तिवाद पटत नाही.

मुळात, निवडणूक रद्द ठरली की बहुतेकदा निर्णय परत मतदारांकडेच जातो. २०१६ साली ऑस्ट्रियात व्हान डेर बेलन ३०,८६३ मतांनी अध्यक्षपदी निवडून आले. टपाली मतं नियमाबाहेर जाऊन हाताळली गेली, म्हणून घटनात्मक न्यायालयाने ती फेरी रद्द केली. घोटाळा झाल्याचा पुरावा नव्हता, तरीही. डिसेंबरात पुन्हा मतदान झालं आणि तेच जिंकले, तेही कितीतरी मोठ्या फरकाने. आफ्रिकेतल्या मलावीत उलटं घडलं. मतांच्या तक्त्यांवर खाडाखोडीचा पांढरा द्रव फासलेला आढळला, २०२० च्या फेब्रुवारीत २०१९ ची निवडणूक रद्द झाली आणि जूनमध्ये लोकांनी सत्ताधारी अध्यक्षांना घरी बसवलं. दोन्हीकडे अध्यक्ष निवडला तो मतदारांनीच.

‘एवढ्या मोठ्या मताधिक्यापुढे किरकोळ चुकांचं काय?’ हा दुसरा मुद्दा. केनियात २०१७ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फरक सुमारे १४ लाख मतांचा होता. पण निवडणूक आयोगाने न्यायालयाचा आदेश असूनही सर्व्हर तपासायला पुरते खुले केले नाहीत. ज्या बेरजेची पडताळणीच करू दिली जात नाही, त्या बेरजेतला फरक मोठा आहे हे तरी कशावरून मानायचं? चार विरुद्ध दोन अशा बहुमताने निवडणूक रद्द झाली.

‘हरलेले रडत कोर्टात जातात.’ जाऊ देत! पुरावा नसेल तर तिथेच ते उघडं पडतं. अमेरिकेत २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर साठाहून अधिक दावे झाले, जवळपास सगळे फेटाळले गेले. केनियाच्याच न्यायालयाने २०२२ चा निकाल एकमताने कायम ठेवला.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. २००० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी अध्यक्षीय निवडणुकीतली फ्लोरिडा राज्याची फेरमोजणी थांबवली, आणि बुश यांची ५३७ मतांची आघाडी तशीच राहिली. फेरमोजणी करायला लावणं वेगळं, ती थांबवणं वेगळं. दुसरं दुखणं उशिराचं. केनियात अध्यक्षपदाच्या याचिकेचा निकाल १४ दिवसांत द्यावाच लागतो. अशी सक्ती नसेल, तर निवडून आलेल्याचा कार्यकाळ संपत आल्यावर लागलेला निकाल त्या मतदारांच्या काय कामाचा? भांडायचंच असेल तर या दोन गोष्टींवर भांडूया.