घरट्याचा पत्ता सांगू नका

सोलापुरात भटकंती म्हटलं की सगळे सह्याद्रीकडे तोंड करतात. शनिवारी रात्री गाडी काढायची आणि राजगड-तोरणा करून सोमवारी सकाळी कामावर हजर. गड मलाही जिवापाड आवडतात. पण दाराशी असलेल्या माळाला आपण सरसकट 'ओसाड' म्हणतो, त्याचं फार वाईट वाटतं. बार्शी रोडला वीसेक किलोमीटरवर नान्नज. १९७९ साली इथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. माळढोक दिसणं आता दुर्मीळ झालंय, पण काळवीट आहेत, खोकड आहे, लांडगा आहे. हिवाळ्यात गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे भोवत्ये, म्हणजे माळावरचे शिकारी पक्षी, बघितले की माळ ओसाड म्हणायला जीभ रेटत नाही.

अभयारण्यात तंबू ठोकायचा नाही, हे आधीच सांगते. तिथे वनखात्याच्या नियमानेच जायचं. मुक्काम करायचाय तर ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात, त्याला विचारून. डिसेंबर-जानेवारीत जा, ज्वारी हुरड्यात आलेली असते. एप्रिल-मेच्या उन्हात नवख्यांनी जाऊच नये. माळावर सावली शोधून सापडत नाही. थंडीतसुद्धा माणशी तीन-चार लिटर पाणी घरूनच न्या.

महागड्या स्लीपिंग बॅगेसाठी अडून राहू नका. घरात सोलापुरी चादर आहे ना? फक्त लोक ती अंगावर घेतात आणि खाली पातळ सतरंजी टाकतात, तिथे चुकतं. गारठा जमिनीतून चढतो. एक चादर दुहेरी करून खाली, एक अंगावर. खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. दोन्ही चार दिवस टिकतात आणि चूल पेटवावी लागत नाही. वाळल्या गवतात एक ठिणगी पुरते, म्हणून शेकोटी नकोच. बूट घोट्याच्या वर येणारे हवेत, नाहीतर कुसळं मोज्यात घुसतात आणि दिवसभर टोचत राहतात. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, दगड हाताने उचलायचा नाही, रात्री बॅटरीशिवाय हलायचं नाही. फुरसं आणि विंचू दोन्ही आहेत. साप चावला तर झाडपाल्यात वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

सहा वर्षं मी या भटकंतीबद्दल लिहितेय. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका माळावर टिटवीची अंडी दिसली. टिटवी घरटं म्हणून बांधत काहीच नाही. जमिनीत जरासा खळगा, भोवती चार खडे, आणि आत चार अंडी, टोकं आत वळवलेली. मातीच्याच रंगाची, वर काळपट ठिपके. पाऊल पडायच्या बेतात असताना दिसली. लांब जाऊन बसलो. तासाभराने टिटवी आली ती पोटाची पिसं भिजवून, आणि तशीच ओली अंड्यांवर बसली. त्या उन्हात अंडी गार ठेवायची तिची ती रीत. मला भरून आलं. घरी येऊन फोटो टाकले आणि कुणालाही सापडावं म्हणून लोकेशनही टाकलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेले तर रानातले मामा म्हणाले, "ताई, तुमी फोटू टाकलाव, अन् ऐतवारी सात गाड्या आल्या की हितं." खळग्याजवळून चाकोऱ्या गेल्या होत्या. अंडी नव्हती. मुंगसाने नेली, चाकाखाली गेली की पोरांनी उचलली, कळायला मार्ग नाही. पण त्या गाड्या माझ्या पोस्टमुळे आल्या होत्या.

टिटवी, चंडोल, धाविक, पखुर्डी, माळावरचे किती तरी पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. डोंगरातल्या घरट्याला कडा राखतो. इथे राखायला फक्त आपलं गप्प राहणं आहे. म्हणून लिहिणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून विनंती आहे. तालुका लिहा, शिवार लिहू नका. फोटोतून लोकेशन काढून टाका. घरट्यांचे आणि खोकडाच्या बिळांचे फोटो लगेच टाकू नका, पिल्लं उडून-पळून गेली की टाका. फोटोसाठी पक्ष्याला उठवू नका, कारण तो उठला की अंडी उघड्या उन्हात पडतात. "नेमकं कुठे?" असं कमेंटमध्ये कुणी विचारलं तर मी आता उत्तर देत नाही. काहींना ते शिष्टपणाचं वाटतं, वाटू दे.

ज्यांना खरंच बघायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा. चौघांपेक्षा जास्त नको, गाडी डांबरी रस्त्यावरच लावायची आणि पहाटे सहाला पायी निघायचं. भाकरी-चटणी मी आणते, पाणी आपापलं.