एक्सटेन्शन मिळेल का हो?

बडोद्यात ज्याला इंग्रजीत चार वाक्यं धड बोलता येत नाहीत, त्यालाही हा प्रश्न तोंडपाठ असतो. सोसायटीचा मेंटेनन्स असो, कॉलेजचं सबमिशन असो की सीएकडची कागदपत्रं. मराठीत मुदतवाढ आहे, शेजारी 'मुदत वधारी आपो' म्हणतात, तरी मागायचं ते एक्सटेन्शनच. इंग्रजीत मागितलं की हक्काचं वाटत असावं.

शब्दावर माझा राग नाही. तो इतका आकसला याचा आहे. लॅटिनमधल्या 'टेन्डेरे'चा अर्थ ताणणे. टेन्ट आणि टेन्शन त्याच घरातले, आणि संस्कृतचा 'तन्' धातूही त्याच कुळातला, म्हणजे आपला ताण आणि साहेबाचं टेन्शन हे लांबचे भाऊबंद! इंग्रजी पत्रात 'एक्सटेन्ड' म्हणजे पुढे करणे, देऊ करणे: मदत, निमंत्रण, स्वागत. (शब्दशः मराठी करायला जाऊ नका, पाहुण्यांचं स्वागत लांबेल.)

गणपतीच्या मांडवात एक्सटेन्शन म्हणजे निव्वळ बोर्ड. त्याने प्लग लांब जातो, ताकद वाढत नाही. सहा अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला फार तर १,३८० वॅट घ्यावेत. तिथे बोर्डात बोर्ड खुपसून हॅलोजन, पंखे आणि चहाची इलेक्ट्रिक किटली लावणाऱ्यांना हात जोडून नमस्कार.

मला आवडतो तो अर्थ मात्र आपल्याच गावात नांदतोय. सयाजीराव विद्यापीठात 'एक्सटेन्शन अँड कम्युनिकेशन' नावाचा विभाग आहे. तिथे तारखा वाढवून मिळत नाहीत. विद्यापीठातलं ज्ञान वस्तीपर्यंत, खेड्यापर्यंत कसं न्यायचं, हा तिथला विषय. खुद्द महाराजांनी हे फार आधी करून दाखवलं होतं. १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून त्यांनी संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं करायला घेतलं. पुस्तकं पेट्यांत भरून गावोगाव फिरायची. वाचक येत नाही ना, मग पुस्तक जाईल.

आणि आपण? २०२५ मध्ये आयकर विवरणपत्राची ३१ जुलैची तारीख १५ सप्टेंबर झाली, वर आणखी एक दिवस मिळाला. पहिली वाढ रास्तच होती. फॉर्म बदलले होते, सरकारलाच तयारीला वेळ हवा होता. पण लोकांनी त्यातून एवढंच घेतलं की शेवटची तारीख कधीच शेवटची नसते. वेळेत भरणारा बावळट ठरला.

तर आमच्या मंडळाच्या निबंध स्पर्धेला यंदा मुदतवाढ नाही. परीक्षक मी आहे, त्यामुळे घरच्यांकरवी वशिला लावू नये. ज्या मुलांना दांडिया बाजारपर्यंत येणं जमत नाही, त्यांनी फक्त कळवावं. मांजलपूर असो की गोत्री, निबंध घ्यायला मी स्कूटर घेऊन येतो.