चिरंजीवांच्या हाती चावी

घरात मुलगा आहे, दारात गाडी आहे, मग पालकहो, वाट कसली बघताय? अठरा वर्षं ही सरकारची अट, आपली नव्हे. आपल्याकडे ड्रायव्हिंगचं शिक्षण तिसऱ्या वर्षीच सुरू होतं. पोराला स्कूटरवर पुढे उभं करायचं, त्याची चिमुकली मूठ ॲक्सिलरेटरवर ठेवायची, वरून आपला हात झाकायचा आणि कॉलनीत एक चक्कर मारायची. गॅलरीतून मावशी ओरडते, "अगं बाई, किती छान चालवतोय!" पोराला त्या दिवशी दोन गोष्टी कळतात. गाडी चालवणं म्हणजे मूठ पिळणं, आणि पिळली की लोक कौतुक करतात. ब्रेक बाबांच्या बोटांखाली असतो, त्यामुळे तो त्याला दिसतच नाही.

पुढची पायरी दहावी. क्लास सकाळी सहाचा, बस नाही, आणि आपल्यालाही झोप प्यारी. द्या की चावी! "फक्त क्लासपर्यंत हं, मेन रोडला जायचं नाही," एवढं बजावलं की जबाबदारी संपली. क्लास मेन रोडच्या पलीकडे आहे, ही गोष्ट उगाच उकरून काढू नका. सोळाव्या वर्षी बिनगिअरची गाडी चालते असं शेजारचे काका सांगतात, ते खरंच आहे. ती ५० सीसीपर्यंतच चालते, एवढं ते सांगत नाहीत. आपली ११०ची. साठ सीसीसाठी कुठे भांडत बसायचं?

हेल्मेट मात्र घ्याच. आरशाला अडकवायला बरं पडतं. चौकात मामा दिसला की डोक्यावर, चौक मागे पडला की परत आरशावर. आमच्या सोसायटीत एका हेल्मेटच्या काचेवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. पोरगा एफ. वाय.ला पोचला. त्याची आई त्यात लसूण ठेवते.

मामाने एखाद्या दिवशी धरलंच, तर ती संधी वाया घालवू नका. ओळखीच्या साहेबांना फोन लावायचा तो पोरासमोर, शक्यतो स्पीकरवर. "लहान आहे हो, सोडा." पाच मिनिटांत गाडी सुटते. लाल दिवा म्हणजे थांबणं नसून ओळख कुठवर पोचते याची तोंडी परीक्षा, हे मुलाच्या मनावर असं ठसतं की पुढे कुणी पुसू म्हणेल तरी पुसलं जात नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि चिरंजीवांना पंचवीस वर्षांचे होईपर्यंत लायसन नाही. वर "मला ठाऊकच नव्हतं" हे सिद्ध करायचं ओझंही आपल्याच डोक्यावर. पण कायदा वाचतो कोण? आपण लग्नपत्रिका वाचणारी माणसं. तिच्यात 'चिरंजीव' छापलेलं असतं, तेवढं पुरे.

मित्रांशिवाय मात्र गाडीला मजा नाही. एकटा पोरगा बरा चालवतो, अगदी इंडिकेटरसुद्धा देतो. मागे दोघं बसू द्या, मग बघा. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी हे २००५ साली उगाचच प्रयोग करून दाखवलं. ३०६ जणांना संगणकावर गाडी हाकायला दिली. पिवळा दिवा लागल्यावरही जितकं पुढे जाल तितके गुण, पण मध्येच भिंत आडवी आली की सगळे गेले. दोस्त पाठीशी उभे राहिले की कोवळ्या पोरांनी ओढवून घेतलेला धोका जवळजवळ दुप्पट झाला. चोविशीच्या पुढच्यांना दोस्त असले काय, नसले काय, सारखंच. एवढा खर्च कशाला केला? आमच्या नाक्यावर रोज संध्याकाळी फुकट दिसतं. "ए, बायको चालवतेय का गाडी?" एवढं मागून म्हटलं की काटा ऐंशीला लागतो. बायको बिचारी चाळीसच्या वर जात नाही आणि शाबूत घरी येते, पण तिचं उदाहरण कोण घेतंय? २०११च्या प्रयोगात तर दोस्त शेजारच्या खोलीतून नुसते पडद्यावर बघत होते, तरी पोरांच्या मेंदूतला बक्षिसाला हपापलेला भाग उजळला. म्हणजे दोस्त सीटवर असायचीही गरज नाही. मोबाईल हँडलला बांधा आणि लाईव्ह जा.

आता दारू. इथे घराण्याची परंपरा जपा. पोराने लहानपणापासून बघितलेलं असतं : हळदीहून रात्री एकला निघताना बाबा चावी खिशात चाचपतात, दोनदा खाली पाडतात, आणि म्हणतात, "मला काय होतंय? पिल्यावर मी उलट जास्त सांभाळून चालवतो." आई काही न बोलता मागे बसते, पदर खोचून, कडी घट्ट धरून. हे वाक्य बंदिशीसारखं बापाकडून मुलाकडे जातं, एक सूर इकडेतिकडे होत नाही. दारूची गंमत अशी की 'आपल्याला चढली आहे' हे जोखायचं काम मेंदूच्या ज्या भागाकडे, त्याच्याच डोळ्यांवर ती आधी झापड आणते. त्यामुळे पिणाऱ्याला आपण नेहमी ठीकच वाटतो. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं की कायद्याने गुन्हा. पण आपण कधी मिलिग्रॅममध्ये मोजलंय? आपण 'दोनच' मध्ये मोजतो.

महाराष्ट्रात बिअरला २१ वर्षं लागतात, व्हिस्कीला २५. लायसनबंदी संपते ती पंचविशीतच. आणि मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पक्का व्हायलाही पंचविशीच्या आसपास यावं लागतं, असं शास्त्रज्ञ सांगतात. सरकार आणि शास्त्र एका आकड्यावर आलेलं मी तरी पहिल्यांदाच बघतोय. मध्ये आपण पालक आहोत म्हणून बरं. गटारीला आपणच ग्लास पुढे करतो, "बाहेर चोरून घेण्यापेक्षा आमच्यासमोर घे." आणि तासाभराने, "जा रे, कोपऱ्यावरून बर्फ घेऊन ये. गाडी घेऊन जा, पटकन येशील."

कुणी आकडे फेकले तर घाबरू नका. देशात २०२२ साली १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली म्हणे. गेली असतील. ती सगळी दुसऱ्यांची. दुसरेही आपल्याकडे बोट दाखवून हेच म्हणतात, ते सोडा.

आणि अगदीच काही झालं, तर पुण्याचा दाखला आहेच. १९ मे २०२४ ची पहाट, कल्याणीनगर. पार्टी आटपून निघालेला सतरा वर्षांचा मुलगा, आणि १,७५८ रुपयांचं शुल्क न भरल्यामुळे नोंदणी अडकलेली पोर्शे. दुचाकीवरून चाललेले दोन अभियंते, एक तरुण आणि एक तरुणी, दोघंही चोवीस वर्षांचे. पंचविशी त्यांचीही राहिलीच. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून दोन डॉक्टर अटकेत गेले, मुलाचे आईवडीलही गेले. पण ते नंतरचं. पहिल्या काही तासांत मुलाला जामीन मिळाला होता, आणि त्यातली एक अट होती, अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध.

तेव्हा घरात फुलस्केप कागद आणून ठेवा. चिरंजीवांना लिहायचा कंटाळा असतो, पण चौथीतला ज्वालामुखीसुद्धा तुम्हीच रात्री दोनपर्यंत जागून केला होता की. त्याने फक्त वर नाव घातलं होतं.