स्टार्टर स्विच, नग एक

पंपावर गाडी बंद पडली की मागचे लोक हॉर्न वाजवणार, हे मला मान्य आहे. पण गाडी ऐंशी वर्षांची असेल तर जरा वयाचा मान ठेवून वाजवतील, अशी माझी भाबडी समजूत होती. परवाच्या रविवारी तीही गेली.

गाडी १९४३ची डॉज. फौजेत हिला वेपन कॅरिअर म्हणत. पाऊण टनी, सहा सिलिंडर, बॅटरी सहा व्होल्ट, वजन अडीच टनांच्या घरात. मामेसासऱ्यांच्या शेडमध्ये हिच्यावर कोंबड्या बसायच्या. त्या उठवून मी बसलो, एवढाच काय तो आमचा इतिहास. २०२१ साली सरकारनं विंटेज गाड्यांसाठी नियम काढले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन किंवा देखभाल यांसाठीच. माझ्या गाडीनं आजवर पहिल्या तिन्हींचं तोंड पाहिलेलं नाही. पेट्रोल प्यायचं आणि दुरुस्त व्हायचं, एवढंच ती मन लावून करते.

तर, पेट्रोल भरलं, पैसे दिले, पेडल दाबलं. खट्. पुढे काही नाही.

हिचा स्टार्टर पायानं लागतो. पेडल दाबलं की दांडा आधी पिनियन, म्हणजे मोटरचं छोटं दातेरी चाक, ढकलून इंजिनाच्या जड चाकाच्या, फ्लायव्हीलच्या, दात्यांत बसवतो आणि अगदी शेवटी स्टार्टरच्या डोक्यावरचा स्विच दाबतो. मध्ये रिले नाही, सोलेनॉइड नाही, म्हणजे हा भार उचलणारा दुसरा कुठला विजेचा स्विचच नाही. सहा व्होल्ट म्हटल्यावर त्याच कामाला बारा व्होल्टच्या दुप्पट अँपिअर लागतात, आणि ते सगळे त्या पेढ्याएवढ्या स्विचमधून जातात. पेढा जळाला होता.

घरी असतो तर बॉनेट उघडून पान्यानं स्विचची दोन टोकं जोडून शॉर्ट मारला असता. तेही एकट्याचं काम नव्हे. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं पाना लावायचा. नाहीतर नुसती मोटर गरगरते आणि इंजिन ढिम्म. पण मी पाना हातात घेतला मात्र, पंपावरचा पोरगा वाळूची लाल बादली घेऊन धावत आला. गाडी विझवायला की मला, ते त्याचं ठरलेलं दिसत नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या रांगेतून एक गृहस्थ स्कूटर स्टँडला लावून आले. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, डोक्यावर हेल्मेट. पुण्यात आपणहून हेल्मेट घालणारा माणूस दिसला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"काय झालं?"

"स्टार्टरचा स्विच गेलाय. कॉन्टॅक्ट जळालेत बहुतेक."

"बहुतेक?" त्यांनी मान हलवली. "बहुतेक असा शेरा चालत नाही."

कळलं ते असं, की साहेब लष्कराच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षांत त्यांनी एकही स्पॅनर उचलला नव्हता. पण कुठल्या डेपोतून किती स्पॅनर कमी भरले, ते तोंडपाठ.

"गाडी कंडेम, म्हणजे फौजेतून बाद, कधी झाली?"

"माझ्या जन्माआधी, काका."

"बाद करायला अधिकाऱ्यांचं बोर्ड बसलं होतं?"

"बसलं असेल."

"असेल नको. लिलावाची पावती?"

"काका, मागे लाइन लागलीय."

"लाइन लागू दे. पावती नसेल तर ही अजून कुठल्या तरी खतावणीत शिल्लक असू शकते." त्यांनी चाकाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही सरकारी मालमत्ता ताब्यात ठेवून वर पंप अडवलाय."

मागून एक रिक्षावाला ओरडला, "ओ साहेब, पावती नंतर बघा, आधी बाजूला घ्या ती!"

मी इंजिन हातानं फिरवायचं हँडल काढलं. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो, कारण इंजिनानं उलटी लाथ दिली तर मनगट जातं. पुण्यात बघ्यांसमोर हँडल मारताना आणखीही काही जातं. घाबरून मी आधीच अॅक्सिलरेटर दाबदाबून कार्बोरेटर ओलागच्च केलेला. अकरा वेळा मारलं. अकराच, कारण काका मोजत होते. मोठ्यानं.

शेवटी सहा जण ढकलायला पुढे आले. सहाही रिक्षावाले. बाकी जनता मोबाइल उभा धरून शूटिंग करत होती. हे मला अजून टोचतं. जुनी गाडी दिसली की "वारसा जपला पाहिजे" म्हणणारे ढिगानं भेटतात. त्यांतल्या एकानंही मडगार्डला हात लावला नाही, लावला तो फोटोत टेकण्यापुरता. काका मात्र कामात होते. "अडीच टन भागिले सहा. माणशी ४१६ किलो. हे नियमात बसत नाही."

"मग तुम्ही सातवे व्हा ना."

"मी निवृत्त आहे."

पंपाबाहेर एका छोट्या हत्तीनं, म्हणजे टाटाच्या छोट्या टेम्पोनं, दोर बांधून ओढलं. रणगाड्यांच्या मागे धावलेली गाडी, आणि ओढतोय कोण, तर कांद्याची पोती घेतलेला छोटा हत्ती. तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, एक बार उडाला आणि इंजिन लागलं. काकांनी घड्याळ पाहिल्याचं आरशात दिसलं.

मग स्विचचा शोध. नाना पेठेतल्या काउंटरवरच्या मुलानं स्क्रीनकडे बघत विचारलं, "बीएस फोर का सिक्स?" मी साल सांगितलं. त्यानं ते टाइप करून पाहिलं, हे विशेष. दुसऱ्यानं सहा व्होल्ट ऐकून मुलांच्या खेळण्यातल्या जीपची बॅटरी पुढे केली. बुधवारी जुन्या बाजारात ग्रामोफोनचे भोंगे मिळत होते, पितळी कुलपं मिळत होती, कुणाच्या तरी आजोबांची कवळीही होती. स्विच नव्हता.

म्हणून तोच उघडला. आत दोन बोल्ट आणि त्यांना जोडणारी तांब्याची चकती. बोल्ट कानशीनं घासून साफ झाले. चकती मात्र कडेनं कुरतडलेली. ती घेऊन गेलो तांबट आळीत. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "कसल्या भांड्याचं झाकण?" ट्रकचं आहे म्हटल्यावर तो हसलासुद्धा नाही. घंघाळाच्या कामातून उरलेला जाड तुकडा घेतला, कापला, ठोकला, घासला. "जुनी ठेवताय इथं?" मी ठेवणारच होतो, पण हात मागे आला. उद्या जमा करायला सांगितली तर?

काल पुन्हा त्याच पंपावर गेलो. वेळही तीच. पेट्रोल भरलं आणि पेडल दाबलं, पहिल्या झटक्यात चालू. आजूबाजूला पाहिलं. काका नव्हते. गाडी बंद केली, पुन्हा दाबलं. चालू. रिक्षावाल्यांच्या रांगेत ओळखीचं कुणी दिसेना, म्हणून तिसऱ्यांदा बंद केली.

"साहेब," तो बादलीवाला पोरगा म्हणाला, "पुढे घ्या ना गाडी."