ट्रॉय मॅक्सनची बोली आणि माझ्या आईचे ‘काऊन’

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अभिनंदनापाठोपाठ ‘आता तरी सगळ्यांनी शुद्ध बोला’ असा सूर निघाला आणि दोन दिवस वाद चालला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये बसून तो वाचताना मला सारखे ऑगस्ट विल्सन आठवत होते. इथल्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वाढलेल्या या नाटककाराने विसाव्या शतकातल्या प्रत्येक दशकासाठी एक अशी दहा नाटके लिहिली आणि त्यांतली नऊ याच शहरात घडतात.

पंधराव्या वर्षी शाळा सोडून सार्वजनिक वाचनालयात वाचत बसणाऱ्या विल्सन यांनाही आधी वाटत असे, की आपल्या माणसांची बोली जशीच्या तशी साहित्यात चालणार नाही. १९७८ मध्ये ते मिनेसोटातल्या सेंट पॉलला राहायला गेले आणि तिथे, हिलपासून इतक्या लांब, त्यांना ते आवाज नीट ऐकू येऊ लागले.

त्यांच्या ‘फेन्सेस’ या नाटकाला १९८७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यातला ट्रॉय मॅक्सन १९५७ साली कचऱ्याच्या गाडीवर काम करतो आणि साहेबाला विचारतो, की गाडी चालवायला गोरे आणि डबे उचलायला काळेच का. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये खेळता न आल्याचा राग तो मुलावर काढतो. पण हाच माणूस अंगणात बसून, न्यूमोनियात आपण मृत्यूशी तीन दिवस, तीन रात्री कसे झुंजलो हे सांगतो, तेव्हा एखाद्या पुराणपुरुषाएवढा होतो. मुलगा त्याला विचारतो, ‘हाउ कम यू एन्ट नेव्हर लाइक्ड मी?’ म्हणजे, मी तुम्हाला कधीच का आवडलो नाही? यातला ‘एन्ट नेव्हर’ हा दुहेरी नकार शाळेच्या वहीत चूक ठरेल. प्रत्यक्षात तो त्या बोलीचा नियम आहे आणि रंगमंचावर तो बापाच्या छातीवर दोनदा आदळतो.

‘का’ला ‘काऊन’ म्हणणाऱ्या आमच्या वऱ्हाडीतले ‘जाऊन राहिलो’ हेही क्रिया चालू असल्याचे सांगणारे नियमबद्ध रूपच आहे. तरीही आपल्या नाटकांत आणि मालिकांत ही बोली बहुतेक वेळा हशा मिळवण्यापुरती येते आणि दुःखाचा प्रसंग आला, की पात्र प्रमाण मराठीत बोलू लागते. ट्रॉयएवढे दुःख वऱ्हाडीत पेलवत नाही, हे मी मान्य करणार नाही. माझ्या वडिलांच्या अखेरच्या रात्री आईने जो आक्रोश केला, त्यात प्रमाण मराठीचा एक शब्द नव्हता.

अकोल्याहून पुण्याला शिकायला गेलो, तेव्हा वसतिगृहात ‘मले’ म्हटल्यावर सगळी खोली हसली आणि पंधरवड्यात मी ‘मला’ म्हणू लागलो. इथे रविवारच्या मराठी वर्गात माझ्या लेकीच्या वहीतल्या ‘मले’वरही लाल फुली आली. मी शिक्षिकेशी शांतपणे बोललो आणि ती फुली त्यांनी खोडली.

त्याच संध्याकाळी लेकीने फोनवर विचारले, ‘आजी, तू इकडे काऊन येऊन नाही राहिली?’ आई क्षणभर गप्प राहिली आणि मग, नात परदेशात शिकते म्हणून असेल, जपून जपून म्हणाली, ‘व्हिसा मिळाला की मला यायचंच आहे, बाळा.’