ऑक्सिमीटरवरचा ९७ आणि सिगारेट ओढणारा दमेकरी

दमा असून सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक सल्ला सगळीकडे फिरतोय: ‘सिगारेट ओढल्यावर बोटाला ऑक्सिमीटर लावून बघा. आकडा ९५ च्या खाली येत नाही, म्हणजे सिगारेटने ऑक्सिजन कमी होत नाही. आकडा चांगला असेल तर दम लागला तरी घाबरू नका. शंका वाटली तर दुसऱ्या मशीनवर पडताळा.’ तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि जिवावर बेतू शकतात.

आकडा का उतरत नाही ते आधी पाहू. ऑक्सिमीटर बोटातून तांबडा आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश सोडतो आणि रक्ताने तो किती शोषला यावरून हिशेब करतो. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. असं अडकून पडलेलं हिमोग्लोबिन तांबड्या प्रकाशात जवळजवळ ऑक्सिजनने भरलेल्यासारखंच दिसतं, आणि मशीन ते ऑक्सिजनच्याच खात्यात टाकतं. खूप सिगारेट ओढणाऱ्याचं ८ टक्के हिमोग्लोबिन असं अडकलेलं असू शकतं. तेव्हा पडद्यावर ९७ दिसत असलं, तरी ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन ९० टक्क्यांच्या आसपासच असतं. वर त्या उरलेल्या हिमोग्लोबिनकडूनही पेशींना ऑक्सिजन सहज सुटत नाही.

‘दम लागला तरी घाबरू नका’ हे वाक्य मला सगळ्यात भयंकर वाटतं. दम्याच्या झटक्यात आधी श्वासनलिका आवळतात. शरीर भराभर श्वास घेऊन ऑक्सिजन टिकवून धरतं, म्हणून धूम्रपान न करणाऱ्याचाही आकडा बराच उशिरा घसरतो. एका दमात वाक्य पुरं होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, इन्हेलरचा आराम टिकत नसेल, तर पडद्यावर काहीही असो, तातडीने दवाखाना गाठा. पीक फ्लो मीटरवर (फुंकरीचा वेग मोजणारं छोटं यंत्र) फुंकर नेहमीच्या सर्वोत्तम आकड्याच्या निम्म्यावर आली, तरीही तेच. धाप तशीच असताना छातीतली घरघर एकदम शांत झाली, तर तो आराम समजू नका. हवा आत-बाहेर जाणंच थांबत आलेलं असतं.

दुसरं मशीन? तेही त्याच दोन प्रकाशांवर चालत असेल तर तीच चूक करणार. खरा आकडा धमनीतल्या रक्ताच्या को-ऑक्सिमीटर तपासणीत कळतो; हे यंत्र कार्बन मोनॉक्साइडने अडकलेलं हिमोग्लोबिन वेगळं मोजतं. साध्या ब्लड गॅस (रक्तातल्या वायूंच्या तपासणीच्या) अहवालातली ऑक्सिजनची टक्केवारी पुष्कळदा नुसती गणिताने काढलेली असते, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड मोजलाय का, हे विचाराच.

ऑक्सिमीटर फेकून द्या असं मी म्हणत नाही. आकडा घसरला तर तो गंभीरपणेच घ्या. आणि शेवटची सिगारेट कधी ओढली हे डॉक्टरांना न लपवता सांगा. साध्या हवेत श्वास घेताना रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड जायलाच ४ ते ६ तास लागतात.